शटर साडेआठला पडतं. त्यानंतर भाऊ कुठे जातो?



मागच्या महिन्यात नाशिकरोडच्या बॅचनंतर एक मुलगा मागे थांबला. सगळे गेले, खुर्च्या रचून झाल्या, तरी हा दारातच उभा. मला वाटलं जीएसटीचं काहीतरी असेल. तो म्हणाला, "सर, पार्टनरशिप डीडमध्ये पार्टनरला काढून टाकायचं कलम घालता येतं का?" म्हटलं, येतं की. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. डीडमध्ये तसा अधिकार आधीच लिहून ठेवलेला असेल आणि तो चांगल्या हेतूने वापरला, तरच भागीदाराला काढता येतं. नुसतं मनात आलं म्हणून नाही. मग मी विचारलं, पार्टनर कोण? "मोठा भाऊ." किती पितो? तो माझ्याकडे बघतच राहिला. दारूचा शब्दही त्याने काढला नव्हता.

मला कळलं, कारण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी आमच्या सीएला विचारला होता. असाच, सगळे गेल्यावर.

आज व्हिडिओ केला नाही, लिहितोय. कॅमेऱ्यासमोर हे मला जमलं नसतं. आणि हो, दादाला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "लिही, पण मला हिरो करू नको."

आमचं दुकान पॅकेजिंग मटेरियलचं, हे तुम्हाला माहीत आहे. टेप, बबल रोल, खोके, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा सीझन. दुकान दादाने उभं केलं, मी बीबीए करून नंतर आलो. सीझनची वसुली त्याच्याकडे होती: पिंपळगाव, ओझर, दिंडोरी. वसुलीला गेला की पार्टी म्हणायची, पैसे देतो हो, आधी बसा तर खरं. "बसणं" म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सप्लायरची स्कीम पूर्ण झाली की हॉटेलात डीलर मीट. मोठी ऑर्डर लागली की पार्टी, ऑर्डर हातची गेली तरी पार्टी. वर्षाखेरीला एकतीस डिसेंबर, आषाढात गटारी. आपण याला "रिलेशन ठेवणं" म्हणतो. मीही म्हणायचो. माझ्या एका जुन्या व्हिडिओत मी ते टिप म्हणून सांगितलंय. तो व्हिडिओ आता काढून टाकलाय.

आधी गल्ल्यात दोनशे-पाचशे कमी भरायचे. मग रोजमेळ आठ-आठ दिवस लिहिला जायचा नाही. मग एका सप्लायरला दिलेला चेक परतला. भागीदारीत एकाने फर्मसाठी सही केली की ती दोघांची सही असते, देणंही दोघांचं. मी काय केलं? भरून टाकलं. मोटारसायकल विकून भरलं. सप्लायरला सांगितलं, दादाला टायफॉइड आहे. वर्षभरात दादाला तीनदा टायफॉइड झाला! त्याच महिन्यात मी "फॅमिली बिझनेसमध्ये पारदर्शकता" या विषयावर तुम्हाला वीस मिनिटं शिकवत होतो, आणि दादा मागे गोडाऊनमध्ये बबल रोलवर झोपलेला होता.

आता मुद्द्यावर येतो. माझं मत सरळ आहे. घरातला किंवा दुकानातला माणूस दारूत अडकला असेल तर सगळ्यात आधी लांबचं मोठं केंद्र शोधू नका. आधी आपल्या गावात, दुकान बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल असा, दारू सोडलेल्या माणसांचा गट शोधा. केंद्राची गरज लागली तर डॉक्टर सांगतील. पण केंद्रातून माणूस परत येतो तो याच गावात, याच रस्त्यावर.

आम्ही नेमकं उलटं केलं. रात्री अकरा वाजता मोबाइलवर "व्यसनमुक्ती" एवढंच टाकून शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्याला फोन लावला. समोरचा म्हणाला, काळजी करू नका, गाडी पाठवतो, उचलून नेतो. आणि खरंच उचलून नेलं. दोन माणसांनी, पहाटे, वहिनीसमोर. डिपॉझिट आधी, पावती नंतर, ती कधी मिळालीच नाही. दादाला भेटू दिलं नाही. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा वजन कमी झालेलं, माझ्याशी बोलणं बंद, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू. ते केंद्र कोणतं ते सांगत नाही, पण एक लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली दारू-ड्रग्जचे उपचारही येतात आणि अशा संस्थेला राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. गाळा भाड्याने घेताना आपण सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सगळं मागतो. इथे सख्खा भाऊ द्यायचा असतो आणि आपण नोंदणीचा कागदही मागत नाही.

सगळी केंद्रं अशी असतात असं मुळीच म्हणायचं नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मागे उभं राहून. त्यांच्या कामातली मला सगळ्यात धंद्याच्या अकलेची वाटलेली गोष्ट म्हणजे बाहेर पडल्यावरचा फॉलोअप, आणि पेशंटच्या बायकांसाठी वेगळा "सहचरी" गट. म्हणजे माल विकला आणि विषय संपला असं तिथे नाही. सर्व्हिस पुढे चालू.

दादा परत प्यायला लागल्यावर आम्ही एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी तपासलं, रक्त-लिव्हर सगळं बघितलं आणि मला विचारलं, "दुकान किती वाजता बंद करता?" म्हटलं साडेआठ. "मग साडेआठला हे कुठे जाणार, ते आधी ठरवा. गोळ्या मी देते, पण साडेआठचं काही माझ्या कपाटात नाही."

हे वाक्य मी गल्ल्याच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलं होतं.

गट म्हणजे काय, हे थोडं सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. सगळ्यात जुना आणि सगळीकडे पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलताना "ए.ए." त्याची सुरुवात एका फसलेल्या धंद्याच्या दौऱ्यातून झाली, हे आपल्यासारख्यांनी तरी वाचायला हवं. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. दारूने सगळं घालवलेलं, नुकती कुठे सोडलेली. १९३५ च्या मे महिन्यात तो अमेरिकेतल्याच ॲक्रन नावाच्या गावी एका मशिनरी कंपनीचा ताबा मिळवायला गेला आणि हरला. खिशात जेमतेम पैसे, हॉटेलच्या लॉबीत एकटा, आणि शेजारी बार. त्याच्या लक्षात आलं की आत्ता वाचायचं असेल तर आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधून त्याच्याशी बोललं पाहिजे. लॉबीतल्या फोनवरून त्याने चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली, आणि गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, ते काही तास बसले. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५. ए.ए.चा वाढदिवस तोच. भारतात हे मुंबईत १९५७ साली सुरू झालं. आज नाशिकमध्येही गट आहेत.

लक्षात घ्या, बिलने त्या डॉक्टरला उपदेश केला नाही. त्याने स्वतःचं सांगितलं, आणि तेही स्वतः वाचावं म्हणून. त्या गटांत आजही हेच चालतं. फी नाही. सभासद व्हायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. खर्चासाठी एक टोपी किंवा डबी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. (कुणाच्या देणगीवर न चालणारी आणि तरीही नव्वद वर्षं टिकलेली संस्था! यावर एक वेगळा लेख होईल.) आडनाव सांगायचं नाही, इथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

शोधायचं कसं? मी केलं ते सांगतो. ए.ए.च्या भारताच्या वेबसाइटवर शहराप्रमाणे मीटिंगची यादी आणि हेल्पलाइन असते. वार आणि वेळ बदलतात, म्हणून आधी फोन करूनच जा. इंटरनेट जमत नसेल तर केंद्र सरकारचा नशामुक्तीचा टोल फ्री नंबर १४४४६ आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. तिसरा रस्ता म्हणजे सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत विचारणं.

मी हेल्पलाइनला फोन केला तेव्हा दहा मिनिटं मीच बोलत होतो. दादा असा, दादा तसा, चेक, गल्ला. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते भाऊ स्वतः बोलतील का?" दादा बोलला नाही. दोन दिवसांनी दुपारी ॲक्टिव्हावर एक गृहस्थ दुकानात आले, टेपचे दोन रोल घेतले, दादाशी भावावरून घासाघीस केली आणि जाताना म्हणाले, "मी अंबडला छोटं वर्कशॉप चालवतो. माझ्या कामगारांचा पगार मी एका रात्रीत प्यायलोय." बस, एवढंच. दादा काउंटरवरून उठून त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेला. अर्धा तास दोघं टपरीवर उभे होते. काय बोलले ते मला आजही माहीत नाही.

पहिल्या मीटिंगला मी सोबत गेलो. काही मीटिंग "ओपन" असतात, तिथे घरच्यांना बसता येतं. शाळेचा एक वर्ग, पोरांचे बाक, फळ्यावर दुपारचं गणित तसंच. पंधरा-सोळा माणसं. रिक्षावाला, एमआयडीसीतला सुपरवायझर, एक द्राक्ष बागायतदार, ज्याला मी ओळखत होतो! आमची त्याच्याकडे उधारी होती. तो माझ्याकडे बघून हसला आणि नंतर चहा घेताना म्हणाला, "उधारीचं बाहेर बोलू." मी ट्रेनर ना, मधेच एकाला सल्ला द्यायला तोंड उघडलं. चालवणाऱ्याने हळूच सांगितलं, इथे कोणी कोणाला सुचवत नाही, आपण फक्त आपलं सांगतो. पावणेदोन तास गप्प बसलो. असं गेल्या दहा वर्षांत घडलं नव्हतं.

इथेच तो आक्षेप येतो जो मला सगळे विचारतात. ओळखीचं कोणी भेटलं तर? मार्केटमध्ये नाव जाईल. म्हणून लोक नाशिक सोडून मुंबईच्या किंवा पुण्याच्या मीटिंगला जातात, दोनदा जातात, तिसऱ्यांदा कंटाळतात. भाऊ, मार्केटला आधीच माहीत आहे. परमिट रूमच्या दारात तुमची गाडी दोन वर्षं उभी आहे, ती सगळ्यांनी पाहिली आहे. आणि त्या वर्गात जो तुम्हाला बघेल, तो स्वतःही तिथेच बसलेला असेल.

दुसरा आक्षेप देवाचा. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, सुरुवातीला प्रार्थना होते. दादा काही भाविक नाही, त्याला पहिल्या गटात अवघडल्यासारखं झालं. तो दुसऱ्या गटात गेला, तिथे जमलं. तेही म्हणतात की शक्ती कशाला मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. तरी पटलं नाही तर समुपदेशक, डॉक्टर, मुक्तांगणसारख्या संस्थेचा फॉलोअप, हे रस्ते आहेतच. पण एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. एका दिवसाच्या विक्रीवरून आपण दुकान बंद करतो का? बायकांसाठी मात्र हे अवघड आहे, हे कबूल करायला हवं. आम्ही गेलो त्या वर्गात एकही बाई नव्हती. माझ्या बॅचमध्ये निम्म्या बायका असतात आणि त्यातली कोणी स्वतः अडकलेली असेल तर त्या बाकांवर एकटीने जाऊन बसणं मी सांगू शकत नाही. हेल्पलाइनवर महिला सदस्याशी बोलायचं आहे असं स्पष्ट सांगा. ऑनलाइन मीटिंगही आहेत, घरातून बसता येतं.

याचा उपयोग होतो का, की नुसता सत्संग? मीही विचारलं होतं. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सत्तावीस अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांवर माणसं. पूर्ण सोडून राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि माणसाला ए.ए.शी जोडून देणारे उपचार हे बाकीच्या प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी वरचढ निघाले. "जोडून देणारे" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. चिठ्ठीवर पत्ता लिहून देणं वेगळं आणि हात धरून नेणं वेगळं. आपल्या देशात तर चिठ्ठीही मिळत नाही. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं.

दोन गोष्टी घाईने पण ठळक सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करायची नाही. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, दोन-तीन दिवसांत जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि "चहात टाकायची पावडर" कोणी विकत असेल तर घेऊ नका. काही औषधं अशी असतात की त्यावर दारू गेली तर माणूस दवाखान्यात जातो, किंवा पोचतही नाही.

दुकानात आम्ही काय बदललं? दादाच्याच संमतीने चेकवर दोघांच्या सह्या केल्या. वसुली शक्यतो यूपीआयवर. दादा सकाळी सातला उघडतो आणि पाचला सुटतो, बंद मी करतो. डीलर मीट असेल तर मी जातो आणि जेवणाआधी निघतो. सप्लायरला खरं सांगितलं. ज्याच्याकडे तीनदा टायफॉइड सांगितला होता, तो म्हणाला, "मला पहिल्या टायफॉइडलाच कळलं होतं." त्याने क्रेडिट पंधरा दिवसांनी कमी केलं, पण माल थांबवला नाही. वहिनी अधूनमधून ओपन मीटिंगला येते. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी चळवळ आहे, बिल विल्सनच्या बायकोने, लोइसने १९५१ साली उभी केलेली. वहिनी म्हणते, पिणाऱ्यापेक्षा झाकणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. माझ्याकडे बघून म्हणते.

आणि आता जे लिहायचं टाळत होतो ते. दादाने अकरा महिने घेतली नव्हती. फेब्रुवारी, सीझन भरात, पिंपळगावच्या एका पार्टीकडे मोठी रक्कम अडकली होती आणि सोमवारी मला पेमेंट करायचं होतं. तो दादाचा मीटिंगचा वार. मी म्हटलं, "एक दिवस नाही गेलास तर काय होतंय? तू गेलास की ते देतील." पैसे आले. दादा रात्री दीडला आला, आणि कसा आला ते सांगायला नको. तुम्हाला कॅश फ्लो शिकवणारा मी, चार दिवस उशिरा पेमेंट केलं असतं तर सप्लायरने काय केलं असतं? व्याज लावलं असतं. बस.

सकाळी मला वाटलं, संपलं सगळं, परत उचलून न्यायची वेळ आली. पण दादाने पहाटे पाचला फोन केला होता. मला नाही, अंबडच्या वर्कशॉपवाल्यांना. ते साडेपाचला ॲक्टिव्हा घेऊन दारात होते. त्या संध्याकाळी दादा पुन्हा त्याच बाकावर, पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू. मुंबईत गट असता तर पहाटे साडेपाचला कोण आलं असतं?

त्या फेब्रुवारीनंतर मीटिंगचा वार आमच्या दुकानात जीएसटीच्या तारखेसारखा आहे, कॅलेंडरवर लाल गोल. त्या दिवशी दादाला कुठली पार्टी, कुठली डिलिव्हरी, काही नाही. दोन सीझन झाले. पुढचं मी लिहून देऊ शकत नाही, दादाही देत नाही, तो आजच्या दिवसाचं बोलतो.

नाशिकरोडच्या त्या मुलाचा परवा फोन आला. भाऊ अजून तयार नाही, शिव्या देतो. हा मात्र मागच्या आठवड्यात एकटाच एका ओपन मीटिंगला जाऊन शेवटच्या बाकावर बसून आला. डीडचा मसुदाही मी त्याला पाठवला आहे. दोघांच्या सहीचं कलम पहिल्या पानावर घेतलंय, काढून टाकायचं कलम शेवटी आहे. ते ठेवायचं की नाही, हे त्याने अजून कळवलेलं नाही.